जिल्हा मिळाला, किल्ला राहिला

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या निघाल्या, कलेक्टर आले, एसपी आले, पाट्या रंगल्या, फटाके फुटले. धूर विरल्यावर मात्र वाटणीचा हिशेब निघाला. पाताळकोट छिंदवाड्याकडे राहिलं, तामियाचे डोंगर तिकडेच राहिले. आपल्या वाट्याला संत्री आली, कापूस आला, जामसावळीचे हनुमानजी आले आणि गोटमार आली. वाटणी तशी वाईट नव्हती. पण मोहखेड तहसील थोरल्या भावाकडे राहिली आणि तिच्यासोबत देवगडचा किल्लाही गेला. मराठी माणसाचा जिल्हा आणि त्यात गड नाही, म्हणजे मुंडावळ्यांवाचून नवरदेव.

महाराष्ट्रात राहणाऱ्या मराठी माणसाचं गडावाचून एकवेळ भागतं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचं भागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून इथला माणूस घरात मराठी बोलतो, कचेरीत हिंदी बोलतो आणि गाडीच्या मागच्या काचेवर ‘जय शिवराय’ लिहून दोन्हीकडची भरपाई करतो. नंबरप्लेट एमपी २८ ची, काच रायगडाची. वर्षा-दोन वर्षांनी एखादी ट्रॅव्हल्स रायगडाला जाते. सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून मंडळी पायथ्याला पोचतात, चौदाशे पायऱ्यांकडे आदरानं पाहतात, रोपवेच्या रांगेत उभी राहतात आणि पांढुर्ण्यात परत आल्यावर ‘गड चढलो’ असं सांगतात. खोटं कोणीच बोलत नाही. चढले खरंच, दोरीनं चढले.

एवढ्या लांब जाणाऱ्या माणसाला घराजवळचा देवगड दिसत नाही, यात देवगडाचा दोष नाही.

तरी एका गटानं ठरवलं. गटात एक निवृत्त मास्तर, एक संत्र्याचे व्यापारी, एक औषधाच्या दुकानाचे मालक, त्यांचा मोबाइलवाला भाचा, दोन वहिनी आणि पाहिलेलं लिहून ठेवायची खोड असलेला प्रस्तुत लेखक. व्हॉट्सॲपवर गट निघाला. त्याच्या नावात शब्द एक होता, बाकी सगळे झेंडे आणि वाघ. पहिल्या दिवशी गडावर जाण्याविषयी जेवढा उत्साह दिसला तेवढ्यात हिमालय झाला असता. मग तारखा सुरू झाल्या.

संत्र्याच्या मुलखात तारीख काढणं सोपं नाही. इथे झाडाला आंबिया बहार येतो, त्याची फळं हिवाळ्याच्या तोंडी उतरतात. आणि मृग बहार येतो, त्याची फळं हिवाळा संपताना. म्हणजे गड चढायला जो काळ बरा, तेवढ्याच काळात व्यापाऱ्याला मान वर करायला फुरसत नाही. उरलेल्या महिन्यांत एक तर ऊन असतं किंवा पाऊस, आणि दोन्ही नसेल तेव्हा कोणाच्या तरी साळ्याचं लग्न असतं. पोळ्याच्या आसपास जावं असं भाच्यानं सुचवलं, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे परदेशी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागत फिरतात. त्याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड फेकतात, मधोमध रोवलेल्या पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो, आणि पुढचा आठवडा गाव टाके मोजत बसतं. गोटमारीची एक कथा दोन गावांतल्या पोरा-पोरीच्या पळून जाण्याची आहे. दुसरी थेट भोसल्यांच्या फौजेची आहे: नदीकाठच्या गढीवर फौज चालून आली आणि आतल्यांनी तिला गोट्यांनी झोडपलं, असं जुनी माणसं सांगतात. आता या कथेत आपण कोण, गढीतले की फौजेतले, हे पांढुर्ण्यानं अजून ठरवलेलं नाही.

“पोया झाला का मंग पाहू,” व्यापारी म्हणाले.

“पोया झाल्यावर डोक्शाले पट्ट्या राह्यते तुमच्या,” वहिनी म्हणाल्या.

अखेर जानेवारीतला एक रविवार निघाला. भाच्यानं फोनमध्ये ‘देवगड’ टाकलं आणि त्या बाईनं गोड आवाजात गाडी सिंधुदुर्गाकडे वळवायला सांगितलं. तिचीही चूक म्हणता येणार नाही. देवगड म्हटलं की जग हापूसकडे पाहतं, आणि तिथेही समुद्रावर किल्ला आहेच. भाच्यानं स्पेलिंग बदललं, तर बाई वैद्यनाथाच्या देवघरला निघाली. पुन्हा बदललं, तर ललितपूरच्या देवगडला, दशावतार मंदिर दाखवायला. मास्तरांनी देवगिरीचा विषय काढला, तेव्हा फोन बंद करण्यात आला आणि ड्रायव्हरला विचारण्यात आलं. तो उमरानाल्याचा निघाला. त्याची मामी देवगडच्या बाजूच्या गावची होती.

दोन बोलेरो पहाटे पाचला निघणार होत्या, म्हणून साडेसातला निघाल्या. जामसावळी ‘वाटेवरच’ असल्यानं दर्शन झालं. इथले हनुमानजी पिंपळाखाली निजलेले आहेत. पुढचा चढ ऐकून असलेले औषधवाले त्यांच्याकडे बराच वेळ हेव्यानं पाहत होते. मग सौसर ‘वाटेवरच’ असल्यानं आलुबोंडा आणि तर्री झाली. मग रामाकोना आलं आणि तिथे चहा झाला, कारण तर्रीनंतर चहा लागतोच. सिल्लेवानीच्या घाटात आलुबोंड्यानं आपलं अस्तित्व जाणवून दिलं, आणि दोन्ही गाड्या प्रत्येक वळणावर ‘निसर्ग पाहायला’ थांबू लागल्या. गडाच्या पायथ्याला पोचेस्तोवर सूर्य डोक्यावर आणि पुडाच्या वड्या निम्म्यावर आल्या होत्या.

या सगळ्या वेळात गाडीत इतिहास चालू होता. मराठी माणसं किल्ल्याकडे निघाली की प्रत्येकाच्या अंगात एकेक बखरकार येतो. व्यापाऱ्यांचं म्हणणं, किल्ला महाराजांनी बांधला. औषधवाल्यांचं म्हणणं, महाराजांनी बांधला नाही पण आग्र्याहून सुटून येताना एक मुक्काम केला. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. शाळेत ज्यांना त्यांनी इतिहासात पस्तीस मार्कांवर ढकललं, तीच पोरं आज त्यांना इतिहास शिकवत होती.

“महाराज इकडे आले नाहीत,” मास्तर शेवटी म्हणाले. “किल्ला गोंडांचा आहे.”

गाडीत शांतता पसरली. ड्रायव्हरनंही आरशात पाहिलं.

“पुरा?”

“पुरा.”

“एखादा बुरूज तरी?”

देवगड खरोखर गोंड राजांचा. जाटबा हा त्यांचा मूळपुरुष. त्याच्याआधी इथे रणसूर आणि घनसूर या गवळी भावांचं राज्य होतं, अशी दंतकथा आहे. जाटबा त्यांच्या चाकरीत. पोराची ताकद पाहून भाऊ घाबरले आणि दिवाळीला रेडा मारायचं काम त्याच्यावर टाकलं, हत्यार म्हणून हातात दिली लाकडी तलवार. देवीच्या कृपेनं जाटबानं लाकडी तलवारीनं रेडा मारला, आणि हात गरम आहे तोवर दोन्ही मालकांनाही उरकून घेतलं. नोकराला निकामी अवजार देऊन अवघड काम सांगणाऱ्या साहेबलोकांनी ही गोष्ट जरूर वाचावी. पण जाटबा काही नुसता गोष्टीतला नाही. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे: २००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि १०० हून जास्त हत्ती. हत्ती वर कसे नेले, हा प्रश्न पायऱ्यांवर उभं राहिल्यावरच सुचतो.

पायऱ्यांवर उभं राहायला भरपूर वेळ मिळाला. भाच्यानं ऑनलाइन मागवलेली गिर्यारोहणाची काठी आणली होती. तिला वरच्या टोकाला फोन बांधल्यामुळे ती जमिनीला टेकवता येत नव्हती. व्यापाऱ्यांचे नवे बूट चावत होते, ते त्यांनी हातात घेतले. औषधवाल्यांकडे गुडघ्याचा पट्टा, स्प्रे, गोळ्या, मीठ-साखरेची पुडी असं अख्खं दुकान होतं आणि ते पहिल्या दरवाज्यातच उघडावं लागलं. गोटमारीत भर पुरात दगड चुकवत पळसापर्यंत पोचलेला माणूस इथे चाळिसाव्या पायरीवर “गुडघे गेले नं बाप्पा माये” म्हणत बसतो, याचा खुलासा वैद्यकशास्त्रात नसावा. दगड येत असले की गुडघे दुखत नाहीत, एवढंच म्हणता येईल.

प्रस्तुत लेखक दर दहा पायऱ्यांवर थांबून दगडी कामाचं बारकाईनं निरीक्षण करत होता. काही ठिकाणी दगडी काम नव्हतं, तिथे गवताचं केलं. छातीचा भाता ऐकून मागून येणाऱ्या वहिनींना वाटलं, झाडीत एखादं जनावर आहे. दरम्यान गावातला एक पोरगा पायात स्लिपर घालून शेळ्यांच्या मागे वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तिसऱ्यांदा जाताना त्यानं विचारलं, “अभी यहीं हो?”

वर पोचल्यावर मात्र गड खिशातले पैसे वसूल करून देतो. तीन बाजूंनी खोल दऱ्या, दूरवर सातपुड्याच्या रांगा, नक्कारखान्याची इमारत, महालांचे अवशेष, आणि मोतीटाकं नावाचा तलाव. कमानींवर मोगली वळण स्पष्ट दिसतं. एवढ्या उंचीवर एवढं पाणी पाहून वहिनी म्हणाल्या, “आमच्याकडे नळाले तिसऱ्या दिवशी येते.” गोंडांच्या स्थापत्यावर त्या दिवशी झालेलं हे सर्वांत अचूक भाष्य होतं.

पाण्याचं वेड देवगडाला भारीच. खाली पसरलेल्या जुन्या राजधानीत नऊशे बावड्या आणि आठशे विहिरी होत्या असं सांगतात. आकड्याचं सोडा, पण बावड्या खऱ्या आहेत. बऱ्याच झाडाझुडपांत आणि गाळात बुजल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी मनरेगाच्या कामातून मोकळ्या झाल्या आणि पुन्हा पाणी धरू लागल्या. रोजगार हमीवर खड्डे खणून तेच बुजवायची जुनी परंपरा असताना कोणीतरी चारशे वर्षांपूर्वीचा खड्डा उकरून त्यात पाणी काढलं, ही बातमी किल्ल्याहून मोठी आहे. पण बावडीत सेल्फीला उजेड कमी पडतो, त्यामुळे गट तिकडे फिरकला नाही.

गट नक्कारखान्यासमोर होता. भाच्यानं भगवा काढला, फेटा बांधला आणि मागे तुतारी लावून रील सुरू केली. “हाच तो गड, जिथे मराठ्यांच्या तलवारीनं...” इथपर्यंत आल्यावर त्यानं मास्तरांकडे पाहिलं. “सर, तलवारीनं काय केलं?”

मास्तर याच क्षणासाठी चढले होते.

जाटबाच्या वंशातला बख्तबुलंद भावंडांच्या भांडणात गादी गमावून १६८६ मध्ये औरंगजेबाकडे गेला, मुसलमान झाला आणि गादी घेऊन परत आला. परत आल्यावर काही वर्षांनी त्यानं औरंगजेबाचाच मुलूख लुटायला सुरुवात केली. बादशहा इतका चिडला की त्यानं फर्मान काढून त्याचं नाव बदललं: बख्तबुलंद म्हणजे थोर नशिबाचा, त्याचं केलं निगूनबख्त, फुटक्या नशिबाचा. माणूस हाती लागत नसेल तर त्याचं नाव तरी बदलावं, ही राज्यकर्त्यांची हौस जुनी आहे. याच बख्तबुलंदानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं, आणि त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, राजधानीच तिकडे हलवली.

“म्हणजे नागपूर देवगडनं काढलं?” व्यापाऱ्यांनी विचारलं. त्यांचा संत्र्याचा सगळा भाव नागपूरवाले ठरवतात आणि फळ पांढुर्ण्याचं असलं तरी नाव नागपुरी होतं. त्या एका वाक्यानं त्यांचा चढ सार्थकी लागला. घरी जाईपर्यंत ते हेच घोकत होते.

चांद सुलतान वारला आणि वलीशहानं गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवर. पोरं दोन, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा. राणीनं शेजारच्या वऱ्हाडात बसलेल्या रघूजी भोसल्यांना बोलावणं धाडलं. रघूजी आले, वलीशहाचा निकाल लावला, पोरांना गादीवर बसवलं, ठरलेला मोबदला घेतला आणि शहाण्या माणसासारखे परत गेले. इथे गोष्ट संपायची. पण दोन भाऊ आणि एक गादी असली की गोष्ट संपत नाही, हे पांढुर्ण्यातल्या तलाठ्यालाही ठाऊक आहे. भाऊ भांडले. बुऱ्हाणशहानं पुन्हा रघूजींनाच बोलावलं. १७४३ मध्ये रघूजी परत आले, अकबरशहा हैदराबादेकडे पळाला, आणि रघूजींनी विचार केला की दरवेळी वऱ्हाडातून येण्या-जाण्याचा खर्च होतो, त्यापेक्षा इथेच राहावं. ते नागपुरात राहिले. बुऱ्हाणशहाला त्यांनी हलवलं नाही. राजा तोच, तनखा त्याला, मानपान त्याचे, आणि पुढे प्रत्येक नव्या भोसले राजाला टिळा लावायचा मानही गोंडराजाचाच. फक्त राज्य तेवढं भोसल्यांचं.

“तलवारीनं काय केलं?” भाच्यानं पुन्हा विचारलं. त्याची बॅटरी अकरा टक्क्यांवर आली होती.

“मध्यस्थी केली,” मास्तर म्हणाले.

मध्यस्थीवर रील होत नाही. तुतारी वाया गेली. मास्तरांनी सांगून पाहिलं की याच रघूजींच्या फौजा त्याच वर्षांत भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालपर्यंत धावल्या, १७५१ मध्ये ओडिशा त्यांच्या हाती आला आणि कटकचा बाराबतीचा किल्लाही. भाच्यानं विचारलं, “इथून दिसते का?” दिसत नव्हता.

औषधवाल्यांना भोसले म्हटल्यावर थेट महाराजांशी नातं जोडायचं होतं. नागपूरकर भोसले हिंगणीकर, आणि साताऱ्याच्या घराण्याशी आपली भाऊबंदकी आहे असं तेही सांगतच होते. अर्थात लग्नाच्या मांडवात चुलत्याच्या साडूलाही भाऊ म्हणणाऱ्या समाजात हा वाद मिटायचा नाही. तो नक्कारखान्याच्या सावलीत, भाकर, ठेचा आणि भरताच्या साक्षीनं बराच वेळ चालला आणि भरीत संपल्यावर आपोआप मिटला.

खरी मजेची गोष्ट मास्तरांनी दात कोरताना सांगितली आणि ती कोणी ऐकली नाही. १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसले सीताबर्डीची लढाई हरले आणि इंग्रजांनी पुढे त्यांना धरून अलाहाबादेकडे चालवलं. वाटेत ते शिपायाचा वेष करून निसटले. पाठीमागे फौज, जायचं कुठे? ते महादेवाच्या डोंगरात शिरले, आणि ज्यांचं राज्य भोसल्यांनी ‘सांभाळायला’ घेतलं होतं त्या गोंडांनीच त्यांना लपवलं, पोसलं आणि त्यांच्यासाठी इंग्रजांशी लढले. मालकी हक्काचा वाद घालणाऱ्या मंडळींनी इथे निदान चमचा थांबवायला हवा होता. पण तोवर भुयाराचा विषय निघाला होता.

देवगडाहून नागपूरला भुयार जातं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. राजा घोड्यावर बसून सकाळी आत शिरायचा आणि नागपूरला निघायचा. व्यापाऱ्यांनी शेळीवाल्या पोराला गाठलं.

“सुरंग कहाँ है?”

“है.”

“कहाँ?”

“बंद है.”

“तूने देखी?”

“दादा ने देखी.”

“दादा कहाँ हैं?”

“वो भी नहीं हैं.”

एवढ्या पुराव्यावर तिघांनी तासभर झुडपं उपसली. त्यात भुयार मिळालं नाही, दोन कुरकुऱ्यांची पाकिटं, एक बिसलेरीची बाटली आणि कुण्या प्रेमवीरानं खिळ्यानं कोरलेलं हृदय मिळालं. त्यात दोन नावं होती आणि तारीख ताजी होती. रील हुकलेला भाचा भिंतीकडे पाहत खिशात किल्ली चाचपू लागला, तेव्हा वहिनींनी त्याला ज्या आवाजात हाक मारली, तो ऐकून शेळ्याही खाली उतरल्या.

संध्याकाळी गटावर फोटो पडले. मास्तर एकाही फोटोत नव्हते, कारण फोटो त्यांनाच काढायला लावले होते. खाली मजकूर होता: ‘मराठ्यांचा अजिंक्य देवगड सर केला!’ त्यावर मास्तरांनी रात्री दीड पानभर खुलासा टाकला, १७४३ सह. त्याला सहा अंगठे, एक वाघ आणि ‘छान माहिती सर, शुभ रात्री’ एवढा प्रतिसाद आला. सकाळी तोच ‘अजिंक्य’ फोटो सौसरच्या चार गटांत फिरत होता, आणि दुपारी तो रायगडाचा फोटो म्हणून पांढुर्ण्यात परत आला.

ज्यांना जायचं असेल त्यांनी थंडीत जावं. सौसर, रामाकोना, सिल्लेवानीचा घाट, उमरानाला, आणि मग मोहखेडकडून देवगड गाव. आलुबोंडा परतीच्या वाटेवर खावा. पिण्याचं पाणी खालून न्यावं, रिकामी बाटली खाली आणावी, आणि खाली उतरल्यावर एखादी तरी बावडी पाहावी, तिथे गर्दी नसते. भिंतीवर नाव लिहू नये. जाटबानंही लिहिलं नाही, आणि त्याच्याकडे शंभर हत्ती होते. भुयार शोधण्यात वेळ घालवू नये. नागपूरला जायला पांढुर्ण्याहून रेल्वे आहे.